हुंडीला वगळून आलेला कायदा

चेक वटला नाही की आज आपण ज्याचा आधार घेतो, तो परक्राम्य संलेख अधिनियम १८८१ सालचा. पण त्याची वाट बरीच मागून येते. १७२६ च्या राजसनदेने मुंबई, मद्रास आणि कलकत्त्यात मेयरची न्यायालये आली व त्यांच्याबरोबर इंग्रजी कायदा. पेढ्यांवर मात्र हुंडीचाच रिवाज राहिला, आणि तो काही ढिसाळ नव्हता. दर्शनी हुंडी दाखवताच वटे, मुदती हुंडी ठरल्या दिवशी. शाहजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या शाहाच्याच हाती पडत. हुंडी गहाळ झाली तर पेठ लिहून देत, पेठही हरवली तर परपेठ. जोखमी हुंडीची रक्कम तर माल सुखरूप पोहोचला तरच द्यायची. हुंडी आणि विमा एकाच कागदावर!

परका कायदा इथे येई तोही अर्धामुर्धा. कलकत्त्याच्या लिलावात पाटण्याच्या अफूला काय भाव येईल, यावर मुंबईच्या व्यापाऱ्यांनी पैज लावली आणि तंटा थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. इंग्लंडने १८४५ मध्येच असे करार रद्दबातल ठरवले होते, पण तो कायदा हिंदुस्थानला लागू नव्हता; म्हणून १८४८ मध्ये कौन्सिलने इथली पैज वैध मानली. त्याच वर्षी सरकारला घाईने स्वतंत्र कायदा करावा लागला.

पुढची कथा अधिक गमतीची. लंडनमध्ये बसलेल्या विधी आयोगाने १८६६ मध्ये हुंडी-चेकच्या कायद्याचा मसुदा केला. त्यावर व्यापारी मंडळींनी हरकत घेतली ती, मसुदा इंग्रजी कायद्यापासून ठिकठिकाणी दूर जातो म्हणून! फेरमसुदे होत होत तो १८८१ मध्ये संमत झाला आणि १ मार्च १८८२ पासून अमलात आला. खुद्द इंग्लंडची या विषयावरची संहिता त्यानंतर, ऑगस्ट १८८२ मध्ये झाली. ज्याची नक्कल करायची ते मूळच एकत्र लिहिलेले नव्हते. निवाड्यांतून विखुरलेले होते. माझ्या मते मसुदाकारांचा खरा शहाणपणा पहिल्याच कलमात आहे: पौर्वात्य भाषेतील दस्तऐवजांच्या स्थानिक रूढीला हा कायदा धक्का लावत नाही. ज्याला नवा कायदा हवा असेल, त्याने हुंडीतच तसे लिहावे. १९८८ च्या दुरुस्तीने न वटलेला चेक फौजदारी गुन्ह्याच्या कक्षेत गेला. हुंडीची ती सवलत मात्र पहिल्या कलमात अजून कायम आहे.