कामगार पुढारी : पडद्यावरचा आणि बाजारातला

कामगार पुढारी (चित्रपटांतील) : मुंबईच्या गोदीत आणि गिरणीत घडलेला कामगारांचा पुढारी १९७० नंतरच्या मराठी-हिंदी चित्रपटांत ठळकपणे दिसू लागला. समाजवादी चळवळीतून वर आलेले जॉर्ज फर्नांडिस हा त्याचा सर्वांत ओळखीचा मूळ नमुना. या पुढाऱ्याचे राज्य खुर्चीवरून चालत नव्हते. त्याच्या शब्दावर बस थांबे, कचरा पडून राही, गोदीतल्या क्रेन उभ्या राहत. त्या अर्थाने शहर काही तास त्याच्या हुकमतीखाली असे. अशा हुकमतीतले जगणे पडद्यावर कसे आले, आणि नवी मुंबईच्या एपीएमसी मार्केटसारख्या ठिकाणी त्याचे जे रूप रोज दिसते ते पडद्याबाहेर कसे राहिले, याचा विचार येथे केला आहे.

फर्नांडिस (१९३०–२०१९) मंगळूरहून मुंबईत आले आणि गोदी कामगारांचे नेते पी. डिमेलो यांच्या हाताखाली तयार झाले. गोदीच्या कडेने जाणाऱ्या रस्त्याला आज डिमेलोंचेच नाव आहे. पुढे पालिका कामगार, टॅक्सीवाले, हॉटेल कामगार यांच्या संघटना फर्नांडिस यांनी चालवल्या. ‘बंदसम्राट’ ही पदवी त्यांना शहराने दिली, कौतुकाने आणि वैतागानेही. १९६७ मध्ये त्यांनी दक्षिण मुंबईत स. का. पाटील यांना हरवले. मे १९७४ च्या रेल्वे संपाचे नेतृत्व केले. आणीबाणीत बडोदा डायनामाइट खटल्यात त्यांना अटक झाली. बेड्या घातलेला हात उंचावलेले त्यांचे छायाचित्र १९७७ च्या निवडणुकीत मुझफ्फरपूरभर फिरले आणि तुरुंगात असतानाच ते तेथून निवडून आले. कामगार पुढाऱ्याची इतकी प्रभावी प्रतिमा त्या काळातल्या एकाही कथापटाला साधलेली नाही.

मराठीत या नेत्याच्या सर्वांत जवळ गेलेला चित्रपट म्हणजे जब्बार पटेल यांचा *सिंहासन* (१९७९). अरुण साधू यांच्या *मुंबई दिनांक* आणि *सिंहासन* या दोन कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांनी त्याची पटकथा लिहिली. सतीश दुभाषी यांनी साकारलेला कामगारनेता डिकास्टा पाहताना तेव्हाच्या प्रेक्षकाला जॉर्ज आठवल्यावाचून राहिले नसतील. डिकास्टाकडे आमदारांची संख्या नाही. आहे ती शहर थांबवण्याची ताकद. त्यामुळे मुख्यमंत्री जिवाजीराव (अरुण सरनाईक) आणि त्यांच्या खुर्चीवर डोळा ठेवून असलेले विश्वासराव दाभाडे (श्रीराम लागू) यांच्या डावपेचांच्या पटावर त्याला वजन येते. दुभाषींनी हा माणूस नुसता गर्जणारा केला नाही. संपाची वेळ आणि संपाची किंमत यांचा हिशेब त्याच्या नजरेत सतत दिसतो, आणि कामगारनेत्याचे खरे काम तेच असते. पत्रकार दिगू टिपणीस (निळू फुले) हे सारे पाहत राहतो आणि शेवटी त्याचा तोल जातो.

*सिंहासन* थोर चित्रपट आहे. मराठीत राजकारणावर त्याच्या तोडीचे फार थोडे झाले. त्याचा कॅमेरा मात्र मंत्रालयाच्या आणि बंगल्यांच्या बाजूला उभा आहे. ज्याच्या नावाने बंद पुकारायचा तो कामगार तिथे बहुतेक वेळ आकड्याच्या रूपातच येतो. त्या दिवशी त्याच्या घरी चूल पेटली का, हे विचारायला चित्रपटाला सवड नाही.

हिंदीत चार वर्षे आधी आलेल्या *दीवार*ने (१९७५) ती सवड काढली होती, पण वेगळ्या वाटेने. सलीम-जावेद यांच्या या कथेत बाप खाण कामगारांचा पुढारी आहे. मालक त्याच्या बायकामुलांच्या जिवावर उठतो, तेव्हा बाप सही करून देतो आणि कामगारांच्या नजरेतून उतरतो. त्याची शिक्षा मुलाच्या हातावर गोंदली जाते. हा मुलगा पुढे मुंबईच्या गोदीत हमाल होतो. मजुरीतून गुंडांना हप्ता द्यायचे नाकारतो आणि गोदामाचे दार आतून बंद करून मारामारी करतो. त्याचा ७८६ क्रमांकाचा बिल्ला गोळी अडवतो, म्हणून प्रेक्षकांच्या मनात तो ताईत झाला. वास्तविक हमालाचा बिल्ला ही त्याच्या नोंदणीची खूण. गोदी कामगारांच्या रोजगाराच्या नियमनाचा कायदा १९४८ सालीच झाला होता. हप्ता थांबवण्याचा तो दुसरा मार्ग, म्हणजे संघटना, नोंदवही, मंडळ, *दीवार*मध्ये कुठेच नाही. बाप हरला तिथेच संघटना संपली, आणि मुलापुढे मूठ तेवढी उरली.

गोविंद निहलानी यांच्या *आघात*ने (१९८५) एकाच कारखान्यातल्या दोन युनियनची चढाओढ दाखवली. तत्त्वाला धरून चालणारा माधव वर्मा (ओम पुरी) आणि दहशतीच्या जोरावर घुसणारी नवी युनियन यांच्यात एक जखमी कामगार भरडला जातो. लेखन पुन्हा तेंडुलकरांचेच. जयंत पवार यांच्या *अधांतर* नाटकावरून महेश मांजरेकरांनी केलेला *लालबाग परळ* (२०१०) दत्ता सामंत यांच्या १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतरच्या घराचा आहे. सामंत फर्नांडिसांसारखे समाजवादी पक्षांतून आलेले नव्हते, पण पुढाऱ्याच्या हुकमतीखालचे जगणे म्हणजे काय हे सर्वांत खोल याच कथेत उतरले. सुमारे अडीच लाख कामगारांना घेऊन निघालेला नेता नाटकात रंगमंचावर येत नाही. चाळीतली एक खोली, आई, तीन मुलगे, एक मुलगी आणि न येणारा पगार एवढेच समोर असते. पवारांच्या नाटकात जे गुदमरत राहते ते चित्रपटात गोळीबारात मोकळे होते. माझ्या मते तिथे चित्रपट उणा पडतो.

या सगळ्या पडद्यापासून तुटून राहिलेला कामगार म्हणजे माथाडी, डोक्यापाठीवर ओझे वाहणारा. मशीद बंदर, दाणाबंदर, भायखळा, क्रॉफर्ड मार्केट इथला घाऊक व्यापार टप्प्याटप्प्याने वाशी-तुर्भ्याला हलला. मुंबई कृषी उत्पन्न बाजार समिती (एपीएमसी) १९७७ मध्ये स्थापन झाली, १९८१ मध्ये कांदा-बटाटा बाजार आला, त्यामागून मसाला, धान्य, भाजी आणि फळे. मालाबरोबर हमालांच्या टोळ्याही आल्या आणि त्यांची घरे कोपरखैरणे, घणसोली इकडे झाली.

बाजारातल्या हमालाला कोणताच कामगार कायदा लागू होत नसे, कारण त्याला एक मालक नव्हता. सकाळी या गाळ्यावर, दुपारी त्या गाळ्यावर, मजुरी गोणीमागे. आजारपण, म्हातारपण, मोडलेला मणका, सगळे त्याचे त्याने पाहायचे. या माणसांची संघटना अण्णासाहेब पाटील (१९३३–१९८२) यांनी बांधली. पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे अण्णासाहेब काँग्रेसचे आमदार होते, समाजवादी पक्षाचे नव्हेत. पुण्यात हमाल पंचायत उभी करणारे डॉ. बाबा आढाव मात्र समाजवादी परंपरेतले. १९६९ च्या माथाडी कायद्याने जी व्यवस्था आणली ती कोणत्याही जाहीरनाम्यातल्या समाजवादापेक्षा ठोस होती. मालक, कामगार आणि सरकार यांचे प्रतिनिधी असलेले मंडळ हेच हमालाचे कार्यालय झाले. व्यापारी मजुरी मंडळात भरतो, वर लेव्ही भरतो. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, औषधपाणी निघते. ज्याला एक मालक नव्हता, त्याच्यासाठी सगळ्या मालकांना मिळून एक वही करावी लागली.

कांद्याच्या गाळ्यापुढे सकाळी ट्रक लागतो. फाळका पडतो, दोघे वर चढतात. खाली उभा असलेला पाठीवर गोणपाट टाकून किंचित वाकतो, वरचे दोघे गोणी त्याच्या पाठीवर देतात, आणि तो जवळजवळ धावतच आत जातो, कारण उभे राहिले की ओझे वाढते. आत थप्पी चढत जाते. पायांखाली कांद्याची फोलपटे पसरतात, त्यावरून पाय घसरणार नाही अशा बेताने पुढचा माणूस येतो. मुकादम गोण्या मोजत असतो. त्याच्या मोजणीवर टोळीची मजुरी ठरते आणि ती माणशी वाटली जाते. हमाली, तोलाई, वाराई हे शब्द शेतकऱ्याच्या पट्टीवर उमटतात. गोणी कुणाच्या पाठीवरून गेली हे मात्र तिथे दिसत नाही. एके काळी शंभर किलोची गोणी सर्रास होती. पन्नास किलोच्या वरचे ओझे उचलणार नाही, हा आग्रह माथाड्यांना पुन्हा पुन्हा धरावा लागला आहे.

अण्णासाहेबांच्या शेवटात चित्रपटाला हवे असलेले सारे नाट्य आहे. आर्थिक निकषावर मराठा आरक्षण मिळावे म्हणून त्यांनी २२ मार्च १९८२ ला मुंबईत मोर्चा नेला; मागणी मान्य झाली नाही आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचे जीवन संपवले. गिरणी संप तेव्हा दोन महिन्यांचा झाला होता. पटकथाकाराला मोर्चा आणि मृत्यू सहज हाती लागेल. लेव्ही, टोळी, मंडळ ही त्यांची खरी कमाई दाखवणे कठीण, कारण तिथे संघर्ष एका क्षणाचा नसून रोजच्या मोजणीचा असतो.

पडद्यावरच्या या उणिवेची झळ बाहेरही लागते. युनियनवाला म्हणजे खंडणी मागणारा, हे चित्र हिंदी पडद्याने इतक्या वेळा दाखवले की माथाडींबद्दल बोलतानाही तेच आधी डोळ्यांपुढे येते. माथाडीच्या नावाखाली बनावट संघटना काढून कारखान्यांकडून पैसे उकळले जातात, ही तक्रार खरी आहे आणि खऱ्या माथाड्यांनीही ती केली आहे. तिला उत्तर म्हणून २०२३ मध्ये राज्य सरकारने दुरुस्तीचे विधेयक क्रमांक ३४ आणले. त्यामुळे १९६९ चा कायदाच पोकळ होईल, असे म्हणत माथाडी संघटनांनी विरोध केला. वयाची नव्वदी ओलांडलेले बाबा आढावही त्या विरोधात उतरले. दरवर्षी २५ सप्टेंबरला, अण्णासाहेबांच्या जयंतीला, तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारातल्या लिलावगृहात माथाडींचा मेळावा भरतो. एरवी जिथे गोण्यांची थप्पी असते, तिथे त्या दिवशी त्या उचलणारे बसलेले असतात.