केवड्याची साक्ष

आमच्याकडं महादेवाला केवडा वाहत नाहीत. का, ते सांगायचं काम आजीचं. ब्रह्मदेव आणि विष्णू यांच्यात थोर कोण यावरून जुंपली, तेव्हा दोघांच्या मधोमध जाळाचा खांब उभा राहिला. ना बूड दिसे, ना शेंडा. विष्णू वराह होऊन खाली गेला, ब्रह्मदेव हंस होऊन वर. विष्णूनं परत येऊन सरळ सांगितलं, बूड सापडलं नाही. शेंडा ब्रह्मदेवालाही सापडला नव्हता. पण वाटेत वरून गळत येणारं केवड्याचं फूल भेटलं, त्याला त्यानं साक्षीला उभं केलं आणि थाप ठोकली. पुढं महादेवाचा शाप. "बरमदेव खोटं बोलला लेकरा, म्हून त्याचं देऊळ न्हाई कुठं." पुष्करचं नाव कुणी काढलंच, तर "ते लांबचं हाय" म्हणून ती उडवून लावायची.

ही गोष्ट ती सांगायची औंढा नागनाथला जाताना. नांदेडहून वसमतमार्गे साठेक किलोमीटर. महाशिवरात्रीच्या सुमाराला शिवारात हळद शिजत असते, एसटीच्या खिडकीतून तो उग्र वास आत येत राहतो. औंढ्याला लिंग तळघरात आहे. अरुंद तोंडातून वाकून, जवळजवळ बसत बसत उतरायचं. दगड ओला, पाय सटकतो, बेलपत्रं टाचेला चिकटतात, आणि खाली एकदम दहा माणसांचा घाम नि समईचा धूर. "विष्णू असाच उतरला आसंल," मागून आजी.

आबा वारकरी, त्यांची गोष्ट निराळी. नामदेव कीर्तनाला उभे राहिले, पुजाऱ्यांनी त्यांना मागं घालवलं, तर देऊळच त्यांच्याकडं फिरलं. पुरावा म्हणून ते देवळामागचा नंदी दाखवायचे. याच देवळात विसोबा खेचर पिंडीवर पाय टाकून पडले होते. नामदेवांनी हटकलं तर म्हणाले, जिथं देव नसेल तिथं ठेव माझे पाय. नामदेवांची ६१ पदं गुरु ग्रंथ साहिबात आहेत, त्या अभिमानानं आबा नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात जाऊन बसत. तिथंच त्यांनी राग मारूतल्या गुरू नानकांच्या एका रचनेचा अर्थ ऐकला. सृष्टीआधी नुसता अंधार होता. धरती नव्हती, आभाळ नव्हतं, दिवस-रात्र नव्हती. घरी येऊन आबा म्हणाले, "मग तवा येळ तरी कोण मोजली?"

हा प्रश्न विश्वशास्त्रातही सुटलेला नाही. हल्ली मोबाइलवर जाळाचा खांब म्हणजेच महास्फोट असं फिरत असतं. मला ते पटत नाही. पुराणकाराला दीर्घिकांचं दूर पळणं ठाऊक नव्हतं, आणि आजीला तर त्यात रसच नव्हता. तिचा सगळा जीव साक्षीदारात अडकलेला.

कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर आमच्या घरी आले ते 'यक्षांची देणगी'मधून, म्हणजे गोष्टी सांगणारे म्हणूनच. हा माणूस विश्वाच्या आरंभाबद्दल बहुमताविरुद्ध उभा आहे, हे मागाहून कळलं. फ्रेड हॉईल, बाँडी आणि गोल्ड यांनी १९४८ साली मांडलेल्या स्थिर स्थितीच्या सिद्धांतात विश्व प्रसरण पावतं, पण पडणाऱ्या पोकळीत नवं द्रव्य जन्मत राहतं. म्हणून त्याला आरंभ नाही. हॉईल यांचे विद्यार्थी नारळीकर याच वाटेनं गेले, आणि १९६४ मध्ये दोघांनी मिळून गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडला. पुढच्याच वर्षी पेन्झियास आणि विल्सन यांचा शोध प्रसिद्ध झाला. आकाशाच्या प्रत्येक दिशेनं येणारं, निरपेक्ष शून्याच्या जेमतेम तीन अंश वर असलेलं प्रारण. आरंभीच्या तप्त विश्वाची ही ऊब, असं बहुतेकांनी मानलं.

नारळीकरांनी मानलं नाही. १९९३ मध्ये हॉईल आणि बर्बिज यांच्यासोबत त्यांनी सुधारित सिद्धांत मांडला. त्यात विश्व आकसतं-फुगतं, आणि एका मोठ्या स्फोटाऐवजी द्रव्यनिर्मितीचे लहान लहान स्फोट होत राहतात. माझ्या मते पुरावा त्यांच्या बाजूनं नव्हता. पण त्यांनी केवडा उभा केला नाही. प्रारणाचं दुसरं स्पष्टीकरण दिलं, आकडे मांडले, टीका ऐकून घेतली. २० मे २०२५ रोजी ते गेले. पुण्यात १९८८ साली त्यांनी उभ्या केलेल्या आयुका या खगोलविज्ञानाच्या संस्थेत महास्फोट मानणारेच जास्त, ही मला त्यांची मोठी कमाई वाटते.

त्याच १९९३ च्या ३० सप्टेंबरला, गणपती बुडवून माणसं झोपली असताना, पहाटे मराठवाड्यातली किल्लारी हादरली. आबा म्हणाले, शेषानं कूस बदलली. दख्खनचा हा खडक स्थिर समजला जायचा. आणि आता त्याच मराठवाड्यात, औंढ्याजवळ दुधाळ्याच्या शिवारात, जमीन तुलनेनं शांत म्हणून लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन निर्वात नळ्या, त्यांतून लेझर. गुरुत्वीय लहर गेली की त्यांच्या लांबीत पडणारा फरक प्रोटॉनच्या हजाराव्या भागाएवढा. अमेरिकेत अशी पहिली लहर १४ सप्टेंबर २०१५ रोजी सापडली. केंद्रानं २०२३ मध्ये इथल्या २६०० कोटींच्या खर्चाला मान्यता दिली. जागा निवडण्यापासून आयुका या कामात आहे. २०२४ मध्ये मात्र मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैत हिंगोलीला ४.५ च्या आसपासचे धक्के बसले. शेषाला मंत्रिमंडळाचा निर्णय कळवायचा राहिला असावा.

खोट्या साक्षीची लायगोच्या लोकांना धास्ती आहे. २०१० मध्ये लायगोच्या नोंदींत मुद्दाम, गुपचूप, एक बनावट लहर घालण्यात आली. शेकडो शास्त्रज्ञांनी ती शोधली, तपासली, निबंध लिहून तयार ठेवला. मग मार्च २०११ मध्ये पाकीट उघडून सांगण्यात आलं, ही आम्हीच घातली होती. राग कुणाला आला असेल तर नवल नाही. पण तीनच वर्षांनी तिकडे दक्षिण ध्रुवावर बायसेप-२ दुर्बिणीच्या गटानं जाहीर केलं की विश्वाच्या पहिल्यावहिल्या क्षणातल्या लहरींची खूण मिळाली. खांबाचं बूडच म्हणा! ती खूण मुख्यतः आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीची निघाली. शाप कुणी दिला नाही. प्लँक उपग्रहाच्या गटासोबत बसून त्यांनीच २०१५ मध्ये तसा निबंध लिहिला.

आता भांडण विश्वाच्या वयावर येऊन ठेपलं आहे. ढोबळ वय १३८० कोटी वर्षं. पण हे वय ज्यावरून निघतं तो प्रसरणाचा वेग जुन्या प्रारणावरून काढला तर आकडा येतो ६७, ताऱ्यांवरून काढला तर ७३. दोन्हीकडच्यांनी मापं पुन्हा पुन्हा तपासली, आकडे काही जुळत नाहीत. तिसरी साक्ष गुरुत्वीय लहरींची, कारण त्यांच्यावरून अंतर थेट कळतं. १७ ऑगस्ट २०१७ रोजी टिपलेल्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीनं आकडा दिला ७०, आणि त्याची त्रुटी एवढी की दोन्ही पक्षांना तो आपलाच वाटावा. अशा पुष्कळ टकरी मोजाव्या लागतील, आणि प्रत्येक टक्कर आकाशात नेमकी कुठं झाली हे पक्कं करायला औंढ्याची नोंद फार उपयोगाची ठरेल.