शिक्क्याचे स्थित्यंतर : आभासी यंत्रे व अनिवार्य प्रवेशनियंत्रण

पुणे येथील प्रगत संगणन विकास केंद्र ('सी-डॅक') १९८८ साली स्थापन झाले व १९९१ साली त्याने 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला. त्याच संस्थेच्या 'परम सिद्धी-एआय' या यंत्राला नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत ६३ वे स्थान लाभले. अशी यंत्रे अनेकांच्या सामायिक वापराची असतात. आणि जेथे यंत्र सामायिक, तेथे एकाचे गुपित दुसऱ्यापासून कसे राखावे, हा प्रश्न ओघानेच येतो. या प्रश्नाचा इतिहास पुष्कळ अंशी शिक्क्याचा, म्हणजेच चिन्हाचा, इतिहास होय.

प्रवेशनियंत्रणाच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत वस्तूचा मालक स्वेच्छेने इतरांस परवानगी देतो; दुसरीत परवानगी नियम देतो व मालकासही तो मोडता येत नाही. ही दुसरी, अनिवार्य पद्धती फितुरी गृहीत धरून चालते. शिवकालीन गडांवर हवालदार, सबनीस व सरनोबत असे तीन अधिकारी नेमीत, त्यामागील धोरणही याच जातीचे होते. संगणकक्षेत्रात १९७३ साली बेल व लापाड्युला यांनी अमेरिकन वायुदलासाठी तिची गणिती मांडणी केली. त्यांचे शिक्के श्रेणीवाचक होते : 'गोपनीय', 'गुप्त', 'अतिगुप्त'. वरच्या श्रेणीचे वाचू नये, खालच्या श्रेणीत लिहू नये, हा त्यांचा दंडक. डिसेंबर २००० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने 'एसई-लिनक्स' प्रसिद्ध केले आणि २००३ साली ते लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाले.

आभासी यंत्र म्हणजे एका प्रत्यक्ष संगणकाच्या पोटात आज्ञावलीने उभा केलेला दुसरा संगणक. ही कल्पना आयबीएम कंपनीने १९६० नंतरच्या दशकात साकार केली. २००७ साली लिनक्समध्ये आलेल्या 'केव्हीएम' व्यवस्थेत असे प्रत्येक यंत्र ही यजमान संगणकावरील एक सामान्य प्रक्रिया ठरली. साहजिकच एका यंत्राची भिंत फोडणाऱ्यास शेजारच्या यंत्राची तबकडी वाचण्याची वाट मोकळी होण्याचा धोका निर्माण झाला.

त्यावर 'एस-व्हर्ट' हा उपाय जेम्स मॉरिस यांनी २००८ साली मांडला व पुढील वर्षी तो प्रत्यक्षात आला. यंत्र सुरू होताना ० ते १०२३ या वर्गांकांतून कोणतीही एक जोडी निवडली जाते आणि तोच शिक्का प्रक्रियेवर व तिच्या तबकडीवर उमटविला जातो. अशा जोड्या ५,२३,७७६ होतात. शिक्के जुळले तरच प्रवेश, एरवी नाही.

येथे शिक्क्याचे स्वरूप पालटले आहे, हे ध्यानी घेण्याजोगे आहे. 'अतिगुप्त' या शब्दाला अर्थ होता, दर्जा होता; अंकांच्या जोडीला यांपैकी काहीच नाही. ती दुसऱ्या जोडीहून वेगळी आहे, एवढेच तिचे मूल्य. भाषेतील चिन्हाचे मूल्य भेदातून सिद्ध होते, हा सोस्यूरचा सिद्धान्त येथे यंत्राच्या व्यवहारात उतरलेला दिसतो.

मे २०१५ मध्ये 'व्हेनम' नावाचा दोष उघडकीस आला. फ्लॉपी चालविणाऱ्या जुन्या भागातून आभासी यंत्राबाहेर पडणे त्यामुळे शक्य होते. मात्र जेथे हे शिक्के लागू होते, तेथे बाहेर पडलेली प्रक्रियाही आपल्याच शिक्क्याच्या मर्यादेत अडकून राही. अर्थात नियम पाळवून घेणारा गाभाच सदोष असल्यास हे संरक्षण ढासळते. शिवाय गैरसोयीच्या सबबीवर व्यवस्थापकांनी ते बंद ठेवल्याची उदाहरणेही विरळ नाहीत. शिक्का केवळ उमटविल्याने रक्षण होत नाही. त्यामागचा नियम अखंड जारी राहावा लागतो.