लंडनचे कारागीर आणि आगीचा विमा

इ. स. १६६६ च्या सप्टेंबर महिन्याच्या २ तारखेस, उजाडण्यापूर्वींच, लंडनमधील पुडिंग लेन नांवाच्या गल्लींत थॉमस फॅरिनर या पाववाल्याच्या दुकानांत आग लागली. चार दिवसांत तिनें सुमारें १३,२०० घरें व ८७ चर्चें भस्मसात केलीं. इमारतींची ही गणती इतिहासांत नमूद आहे. परंतु त्या घरांत दुकान थाटून स्वतःच्या हिंमतीवर पोट भरणाऱ्या शिंपी, चांभार, सुतार यांचें काय झालें, याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं.

त्यांच्यावर दुहेरी संकट कोसळलें. कापड, हत्यारें, तयार माल, सारें जळून गेलें. आणि भाडेपट्ट्यांतील अटींमुळें जळालेल्या घराचें भाडें देण्याची व तें पुन्हां बांधण्याची जबाबदारी मात्र कित्येकांच्या माथीं राहिली. हे तंटे मिटविण्यासाठीं १६६७ सालीं खास न्यायालय स्थापावें लागलें. आगीनें बुडालेल्यास तोंवर मुख्य आधार असे तो राजाज्ञेनें चर्चमधून गोळा होणाऱ्या वर्गणीचा. ती दया होती, हक्क नव्हे.

हक्काचा मार्ग निकोलस बार्बन यानें दाखविला. वैद्यकीची पदवी घेऊन हा गृहस्थ घरें बांधण्याच्या धंद्यांत शिरला होता. १६८० च्या सुमारास त्यानें आगीच्या विम्याची कचेरी उघडली. विटांच्या घरास वार्षिक भाड्याच्या शेंकडा अडीच व लाकडी घरास शेंकडा पांच, असा तिचा दर होता. पुढें १६९६ सालीं एका कॉफीगृहांत 'हँड इन हँड' ही संस्था जन्मास आली. तिचे विमेदार हेच तिचे मालक. नफा सर्वांचा, तसें नुकसानही सर्वांनीं वांटून घ्यावयाचें.

परंतु या योजनांत विमा उतरे तो घराचा. भाड्याच्या खोलींत बसणाऱ्या शिंप्याचें भांडवल भिंतींत नव्हतें. तें कापडांत होतें. ही उणीव चार्ल्स पोवी यानें ओळखली व मालाचाही विमा घेण्यास आरंभ केला. त्याच्याच उद्योगांतून १७१० सालीं 'सन फायर ऑफिस' उभें राहिलें. या कचेरीच्या जुन्या वह्या आजही जतन केलेल्या आहेत. त्यांत मोठ्या व्यापाऱ्यांच्या शेजारीं लहान कारागिरांचीं, दुकान चालविणाऱ्या विधवांचीं नांवें आढळतात. प्रत्येकाचा धंदा, पत्ता व मालाची किंमत नोंदलेली असते.

अठराव्या शतकांत 'सन'नें सामान्य, धोक्याचे व दुप्पट धोक्याचे असे वर्ग पाडले. ज्या पाववाल्याच्या दुकानांतून लंडन पेटलें, त्याच्या व्यवसायबंधूंची गणना धोक्याच्या धंद्यांत झाली व त्यांना हप्ता अधिक पडला. हें त्यांना जाचलें असेल. तथापि त्यांना दार बंद झालें नाहीं. धोका मोजला गेला, म्हणूनच तो विकत उतरवितां आला. आणि तो पुष्कळांनीं वांटून घेतला, म्हणूनच एकट्यादुकट्या कारागिरास हप्ता परवडूं लागला. दयेच्या वर्गणीसाठीं हात पसरण्याची पाळी टळली, हीच त्या वह्यांतील रुक्ष नोंदींची खरी कमाई होय.