संगणकाला कडी कोणी लावायची?

गटाच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की हल्ली एक विषय हटकून निघतो. कुणाच्या तरी खात्यातून पैसे गेलेले असतात. नाहीतर पोरांच्या अभ्यासासाठी घेतलेला कॉम्प्युटर एकाएकी अडून बसतो आणि पडद्यावर लिहून येतं, पैसे भरा, मगच तुमच्या फाईली उघडतील. मग सगळ्यांचा पहिला प्रश्न त्या बाईलाच असतो, "तू दाबलंसच कशाला?" नवरा विचारतो, बँकेतले साहेब विचारतात, शेजारीणही विचारते. ती बिचारी गप्प होते आणि पुढे तक्रार करायचीच राहून जाते.

म्हणून आज आम्ही या प्रश्नाचा थोडा मागचा इतिहास सांगणार आहोत. घरातलं यंत्र सुरक्षित ठेवायचं काम नक्की कुणाचं? वापरणारीचं, बनवणाऱ्याचं, बँकेचं, की सरकारचं?

सुरुवात आपल्या शेजारच्या देशातून होते. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी 'ब्रेन' नावाचा व्हायरस लिहिला. घरी आणि ऑफिसात वापरायच्या पीसीवर पसरलेला हा पहिला व्हायरस मानतात. गंमत म्हणजे त्यात त्यांनी स्वतःचं नाव, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबरही घातला होता. आमच्या प्रोग्रॅमची चोरून नक्कल करणाऱ्यांना धडा मिळावा म्हणून तो लिहिला, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा इंटरनेट घरोघरी नव्हतं. व्हायरस फ्लॉपीतून एका यंत्रातून दुसऱ्यात जायचा, त्यामुळे सल्लाही सोपा होता: परक्याची फ्लॉपी घालू नका. म्हणजे सगळी जबाबदारी वापरणाऱ्यावर.

पुढे या दुखण्यावरचं औषध विकत मिळू लागलं, त्याला अँटिव्हायरस म्हणतात. त्यातलं एक आपल्या पुण्यात तयार झालं. मूळ सातारा जिल्ह्यातले कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्तीचं काम करायचे. त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी १९९०च्या दशकात व्हायरस काढणारा प्रोग्रॅम लिहिला आणि त्यातून 'क्विक हील' उभी राहिली. आपल्याकडच्या माणसांनी हे केलं याचा अभिमान आहेच. पण यातून एक रीतही पडून गेली. यंत्र विकणारा यंत्र विकून मोकळा, आणि त्याच्या संरक्षणाचे पैसे वेगळे. ज्याला परवडलं तो वाचला.

मग आलं २००० साल. ४ मे रोजी फिलिपिन्समधून एक ई-मेल सुटला. त्याचं नाव होतं 'आय लव्ह यू', आणि सोबत प्रेमपत्र म्हणून एक फाईल. ती उघडली की व्हायरस त्या माणसाच्या ओळखीच्या सगळ्या पत्त्यांवर स्वतःच्या नकला पाठवायचा. लाखो कॉम्प्युटर बाधित झाले. लोक हसले, म्हणाले, प्रेमपत्राच्या मोहानं फसले. पण एक गोष्ट कमी लोकांनी विचारात घेतली. त्या फाईलच्या नावाच्या शेवटी ती चालणारी फाईल आहे हे सांगणारी तीन अक्षरं होती, आणि विंडोज ती अक्षरं आपण होऊन झाकून ठेवायचं. माणसाला दिसायचं साधं पत्र. पुडीवरचं 'विष' हे लेबल दुकानदारानंच झाकलं, तर खाणारीला दोष कसा द्यायचा?

ज्याच्यावर संशय होता तो तरुण सापडला, पण त्याच्यावर खटला चालला नाही, कारण फिलिपिन्समध्ये तेव्हा असा कायदाच नव्हता. तिथे पुढच्याच महिन्यात कायदा झाला. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला लागू झाला.

आता जी हकिगत सांगतो ती आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची. ऑगस्ट २००३ मध्ये 'ब्लास्टर' पसरला. यात कुणाला काही दाबावंच लागलं नाही. ई-मेल नाही, फाईल नाही. कॉम्प्युटर इंटरनेटला जोडला की पुरे, तो आपोआप आत यायचा आणि यंत्र पुन्हा पुन्हा बंद होऊन चालू व्हायचं. ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं जुलैमध्ये दिली होती. पण घरी बसलेल्या माणसाला ती शोधून बसवायची असते हे ठाऊकच नव्हतं. आणि आणखी एक. विंडोज एक्सपीमध्ये बाहेरून येणाऱ्याला अडवणारी भिंत, म्हणजे फायरवॉल, आधीपासून होती. पण बहुतेकांच्या घरी ती बंद असायची. दाराला कडी होती, सुताराने ती न लावता घर ताब्यात दिलं होतं. ब्लास्टर लिहिणाऱ्यानेही आत बिल गेट्स यांना टोमणा मारून ठेवला होता, की पैसे कमावणं थांबवा आणि तुमचा प्रोग्रॅम दुरुस्त करा. चोराच्या उलट्या बोंबा म्हणा, पण बोंब अगदीच खोटी नव्हती.

वर्षभरानं, ऑगस्ट २००४ मध्ये कंपनीनं मोठी दुरुस्ती आणली आणि फायरवॉल पहिल्यापासूनच चालू ठेवली. पुढे २०१२च्या विंडोज ८ पासून अँटिव्हायरसही आतच, फुकट मिळू लागला. जगातल्या कोट्यवधी माणसांना शहाणं करण्यापेक्षा एका कंपनीनं कडी लावून देणं किती सोपं होतं पाहा.

आपल्याला हे नवीन नाही. गावाच्या विहिरीत टीसीएल पावडर टाकायचं काम जलसुरक्षकाचं असतं. घरी आपण पाणी गाळतो, उकळतो, ते आपलं काम. पण अख्ख्या गावाला जुलाब लागले तर ग्रामपंचायत "तुम्ही पाणी उकळलं का नाही?" एवढं विचारून सुटू शकत नाही.

कंपनीची जबाबदारी किती वर्षं, हा वाद मात्र मिटलेला नाही. एक्सपीच्या दुरुस्त्या एप्रिल २०१४ मध्ये बंद झाल्या. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' आला, तोच तो फाईली अडकवून पैसे मागणारा प्रकार. नव्या विंडोजसाठी दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती. जुन्या एक्सपीला ती सगळ्यांसाठी मिळाली, ती हल्ला झाल्यावर. आता विंडोज १० च्या नेहमीच्या दुरुस्त्याही १४ ऑक्टोबर २०२५ला थांबल्या. शहरातल्या ऑफिसांनी काढून टाकलेले कॉम्प्युटर गावात स्वस्तात येतात ते अशाच वयाचे. तेव्हा जुना कॉम्प्युटर घेताना विकणाऱ्याला विचारा, याला दुरुस्त्या अजून येतात का?

बँकांचा इतिहास आपल्याला जास्त जवळचा. नुसत्या कार्डाच्या नंबरावर ऑनलाइन खरेदी होत होती, तेव्हा रिझर्व्ह बँकेनं लोकांना सावध राहा सांगून भागवलं नाही. १ ऑगस्ट २००९ पासून अशा खरेदीला आणखी एक खूण, म्हणजे पासवर्ड किंवा ओटीपीसारखं काहीतरी, बँकांना सक्तीचं केलं. मग चोरांनी यंत्राचा नाद सोडून माणसाला फोन करायला सुरुवात केली. ओटीपी सांगू नका ही पाटी तेव्हापासून सगळीकडे आहे. पाटी बरोबरच आहे, पण पाटी लावायला खर्च कमी येतो, हेही लक्षात ठेवा.

आणि फसणारी फक्त आपल्यासारखीच असते असं नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत चोर शिरले आणि दोन दिवसांच्या व्यवहारात सुमारे ९४ कोटी रुपये गेले. तिथे शिकलेली माणसं होती, पहारा होता.

६ जुलै २०१७ रोजी रिझर्व्ह बँकेनं जबाबदारीची वाटणीच लिहून दिली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांनाही तसाच नियम लावला. चूक बँकेची असेल तर ग्राहकाचं नुकसान शून्य. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसऱ्याच कुणाची असेल, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवलं, तरीही शून्य. मेसेज आला तो दिवस यात मोजायचा नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर काही रकमेपर्यंत तोटा आपला. ओटीपी आपणच दिला असेल तर कळवेपर्यंतचा तोटा आपला, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे चूक झालेल्या बाईलाही लाजून घरात बसणं परवडत नाही. पैसे गेले की आधी १९३० या सरकारी नंबरावर फोन, लगेच बँकेला फोन, आणि तक्रारीचा क्रमांक वहीत.

या नियमातलं एक वाक्य शाखेत कुणी आपण होऊन सांगत नाही. ग्राहकाची जबाबदारी होती हे सिद्ध करायचं काम बँकेचं आहे. एका ताईंना काउंटरवर तोंडी सांगितलं गेलं की चूक तुमचीच, काही मिळणार नाही, आणि त्या परत आल्या. तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नका. अर्ज लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या, आणि आज लागू असलेला नियम दाखवा म्हणा. अशा अर्जाचा नमुना आम्ही ग्रामसंघाच्या दप्तरात ठेवला आहे. ज्यांना हवा त्यांनी पुढच्या बैठकीत सचिवताईंकडून मागून घ्यावा.