फाल्गुनराव, आश्विनशेट आणि एलारिन

परवा भाचीने तिच्या कादंबरीची पहिली साठ पानं आणून दिली. माझ्यासाठी नव्हे, तिच्या आजीसाठी. माझ्या आईला आता अक्षरं दिसत नाहीत. त्यामुळे संध्याकाळचा चहा झाला की मी वाचायचं आणि तिने ऐकायचं, हा आमच्या ठाकुर्लीच्या घरातला गेल्या दोन वर्षांचा रिवाज. आजवर चरित्रं झाली, प्रवासवर्णनं झाली, दिवाळी अंक झाले. नातीची कादंबरी म्हटल्यावर आई पाच मिनिटं आधीच पदर सावरून खुर्चीत बसली होती.

कादंबरी फँटसी आहे. सात राज्यं, आटलेली एक नदी, ती परत आणायला निघालेली तिघं भावंडं. कल्पना चांगली आहे, भाषाही छान आहे. भावंडांची नावं एलारिन, एलाडोर आणि एलिरा.

विसाव्या पानावर आईने हात वर केला.

"हा एलाडोर मघाशी मेला ना रे?"

"नाही, तो एलारिन. आणि तो मेला नाही, बेशुद्ध पडलाय."

"मग रडतंय कोण?"

"एलिरा."

"कुणासाठी?"

आता मलाच मागची दोन पानं उलटून बघावं लागलं!

भाचीचा चेहरा पडला. मी तिला हळूच म्हटलं, अगं, नावं जरा आपल्याकडची घेतलीस तर? त्यावर तिने जे उत्तर दिलं ते मला चार दिवस पुरलं. "मामा, मराठी नावं घातली की फँटसी वाटतच नाही. समोरच्या बिल्डिंगमधले काका वाटतात."

मला उत्तर सुचलं नाही. आई मात्र म्हणाली, "संशयकल्लोळात सगळी माणसं एकमेकांवर संशय घेतात. फाल्गुनराव कोण नि आश्विनशेट कोण, यात आमचा कधी गोंधळ नाही झाला बाई."

तिथून मी कपाट उपसायला बसलो.

गंमत बघा. भाचीला जो प्रश्न पडला तो मराठी कादंबरीच्या जन्माइतका जुना आहे. १८५७ साली बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' आलं. विधवांच्या दुःखाची गोष्ट, त्यामुळे माणसं ओळखीची आणि नावंही ओळखीची : यमुना, विनायक. चारच वर्षांनी, १८६१ मध्ये, लक्ष्मण मोरेश्वरशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' आली आणि १८६८ मध्ये नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा'. या अद्भुतरम्य कादंबऱ्या. 'मंजुघोषे'च्या नायकाचं नाव वसंतमाधव. तेव्हाच्या पुण्यामुंबईत यमुना घरोघरी सापडली असती, मुक्तामाला कुठून सापडणार? नाव वाचताक्षणीच वाचकाला कळायचं की ही आपली आळी नव्हे. आणि तरीही नाव परकं वाटत नसे, कारण मुक्ता म्हणजे मोती आणि मंजू म्हणजे गोड हे त्याला ठाऊक होतं. संस्कृत हा त्या लेखकांचा शेजारचा अद्भुत देश होता.

म्हणजे 'काका वाटतात' या अडचणीवर पहिला तोडगा तेव्हाच निघाला होता. पण त्यात एक उणीव राहिली. मुक्तामालेला मंजुघोषा म्हटलं आणि मंजुघोषेला मुक्तामाला, तर काय बिघडेल? दोन्ही नावं सुंदर, पण दोन्ही एकाच साच्यातली. नाव वेगळ्या जगाचं झालं, माणूस वेगळा झाला नाही.

ते काम केलं रंगभूमीने. आणि मला वाटतं त्याचं कारण अगदी व्यवहारी आहे. तेव्हा माईक नव्हते. शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसाला चेहरा नीट दिसत नसे. त्याच्यापर्यंत पोचायचा तो फक्त आवाज. नाव कानाला चटकन वेगळं लागलं नाही तर नाटक तिथेच संपलं. आमच्या आईसारखीच अवस्था, नाही का?

शेक्सपिअर मराठीत आणताना ही मंडळी नावांवर काय मेहनत घेत ते बघण्यासारखं आहे. आगरकरांनी १८८३ मध्ये 'हॅम्लेट'चं 'विकारविलसित' केलं, त्यात हॅम्लेटचा चंद्रसेन झाला. वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी 'टेमिंग ऑफ द श्रू'मधल्या भांडकुदळ नायिकेला सरळ रामायणातल्या राक्षसिणीचं नाव दिलं : त्राटिका. तिला वठणीवर आणणारा प्रतापराव. आणि गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० मध्ये 'ऑथेल्लो'चा 'झुंजारराव' केला. झुंजारराव, जाधवराव, कमळजा. मोठ्याने म्हणून बघा. पहिल्या नावात तलवारीचा खणखणाट आहे. शेवटच्या नावात एकही अक्षर टोचत नाही. आणि कपटी इयागोला मिळालं जाधवराव, चारचौघांसारखं, विश्वास बसेल असं नाव. विश्वास बसतो म्हणून तर घात होतो!

याच देवलांचं १८९९ चं 'शारदा'. मुलीला पैशासाठी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघालेला बाप म्हणजे कांचनभट. म्हातारा नवरा म्हणजे भुजंगनाथ. मध्यस्थी करणारा भद्रेश्वर दीक्षित आणि आड येणारा तरुण कोदंड. भुजंगनाथ आणि भद्रेश्वर, दोघांचं पहिलं अक्षर भ. तरी कुणाची गल्लत होत नाही. एक नाव सरपटत येतं, दुसरं पगडी घालून येतं.

आता आईच्या 'संशयकल्लोळा'कडे येतो. हे कथानक मुळात फ्रान्समधलं, मोलिएरचं. इंग्रजीत मर्फीने त्यावर नाटक लिहिलं, त्यावरून देवलांनी १८९३ मध्ये 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे गद्य नाटक रचलं आणि १९१६ मध्ये त्याचंच संगीत 'संशयकल्लोळ' झालं. घोटाळ्याचंच नाटक, म्हणजे नावांचा घोटाळा झाला तर प्रेक्षक हसणार कशाला? देवलांनी काय केलं असेल? त्यांनी पंचांग उघडलं. पुरुषांना महिने दिले : फाल्गुनराव, आश्विनशेट, वैशाखशेट. बायकांना नक्षत्रं दिली : कृत्तिका, रेवती, रोहिणी. अगदी नोकरसुद्धा भाद्रपदातला : भादव्या!

सगळी नावं एका घराण्यातली, म्हणून ती एका जगातली वाटतात. पण राव, शेट आणि 'व्या' या शेपटांमुळे कोण कुठे बसतो ते क्षणात कळतं. इंग्रजीत नवशिक्या लेखकांना सांगतात की पात्रांची पहिली अक्षरं वेगवेगळी ठेवा. मराठीत नावाचं शेपूट निम्मं काम करतं. पंत, राव, भट, शेट, अण्णा, बाई. १८९० मध्ये 'करमणूक'मधून येऊ लागलेल्या हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो!'मधले शंकरमामंजी आठवा. त्यांच्या नावाला नातंच चिकटलेलं आहे. यमूने त्यांना घाबरायचंही आणि मामंजीही म्हणायचं. सगळी कादंबरी त्या एका हाकेत आली.

पण इथे एक कडू गोष्ट सांगायला हवी. ही शेपटं जातीची आणि पायरीचीही आहेत. मालकाला राव आणि नोकराला 'व्या', हे तेव्हाच्या समाजात कुणाला खटकत नव्हतं. आज जो कोणी नवं जग रचेल त्याने कुणाला 'राव' द्यायचं आणि कुणाला 'व्या' यावर थांबून विचार करावा. राज्य आपल्या कल्पनेतलं आहे ना? मग तिथे भादवराव का नसावेत?

नाव नीट जमलं की ते पुस्तकाबाहेर चालायला लागतं. 'एकच प्याला' १९१९ मध्ये रंगभूमीवर आलं तेव्हा गडकरी हयात नव्हते. त्यातला तळीराम आज शंभर वर्षांनंतरही दर ३१ डिसेंबरच्या बातम्यांत पोलिसांना सापडतो. नाटक न वाचलेल्या पोरांनाही तळीराम कोण ते माहीत असतं. विशेषनामाचं सामान्यनाम होणं, यापेक्षा लेखकाला आणखी काय हवं?

पुढे ही विद्या स्वस्त कागदावर उतरली. चंद्रकांत सखाराम चव्हाण यांनी बाबुराव अर्नाळकर या नावाने हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे नायक झुंझार, काळापहाड आणि धनंजय. लोकलच्या दारात उभं राहून वाचताना, गर्दीने एक पान चुकलं तरी कोण बोलतोय ते कळावं अशी ही नावं. भा. रा. भागवतांनी बनेश फेणेला फुरसुंगी हे गाव दिलं, त्यामुळे तो फास्टर फेणे कितीही अचाट उड्या मारो, खोटा वाटला नाही. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली चिंची चेटकीण तर पाच वर्षांच्या मुलालाही पाठ होते. चिंचेने दात आंबावेत तसं नाव.

आणि नारळीकर! १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवताना त्यांनी आपली आद्याक्षरं उलटी केली आणि ज. वि. ना.चं ना. वि. ज. करून नारायण विनायक जगताप नावाचा एक लेखकच निर्माण केला. हेही पात्राचंच नामकरण की. कुणाला शंका येऊ नये इतकं साधं. पुढे 'वामन परत न आला' मध्ये त्यांनी यंत्रमानवाला वामन हे नाव दिलं. तीन पावलांची जागा मागून त्रैलोक्य घेणाऱ्या बटूची गोष्ट आपल्याला लहानपणापासून माहीत असते. त्यामुळे नाव ऐकतानाच पोटात कुठेतरी धस्स होतं. 'काका वाटतात' म्हणणाऱ्यांना माझं हे उत्तर.

नावांच्या बाबतीत टोल्किनपेक्षा दर्दी माणूस सापडणं कठीण. आधी भाषा रचायच्या आणि त्यातून नावं काढायची, ही त्याची पद्धत. पण त्याच्याही दोन दुष्टांची नावं सॉरॉन आणि सारुमान. १९७८ मध्ये 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा कार्टूनपट निघाला तेव्हा गोंधळ टाळायला त्यात बऱ्याच ठिकाणी सारुमानला आरुमान केलं गेलं. कागदावर चालून गेलेलं कानाला चाललं नाही. आणि त्याच्या 'हॉबिट'मधल्या बुटक्यांची नावं? ती त्याने एका प्राचीन नॉर्स काव्यातून उचलली. थोडक्यात, त्यानेही आपलं पंचांगच उघडलं होतं.

हे सगळं मी रविवारी भाचीला ऐकवलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण मामा, माझं पंचांग कुठलं?"

मी म्हटलं, ठाण्याहून घरी येताना डोळे मिटून बस. कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण. तीन नावं क ने सुरू होतात. पण पेंगुळलेला माणूसही ठाकुर्लीला बरोबर उठतो. कुणी दोन अक्षरांचं, कुणी चार, कुणी तोंडात विरघळणारं, कुणी दातावर आपटणारं. आणि तरी सगळी एकाच मातीतली.

मातीचं नाव निघालं तशी आई खुर्चीतून बोलली. तिचं माहेर वाड्याकडचं. "नदीची गोष्ट आहे ना गं? मग भाताची नावं घे की. आमच्याकडे झिनी असायची. शिवाय रायभोग, घनसाळ, जिरेसाळ, काळभात..."

भाचीने मोबाईल खाली ठेवला आणि कागद-पेन घेतलं. आजी सांगत गेली, नात लिहीत गेली. रायभोग राजा असणार हे सांगायलाच नको. घनसाळ सेनापती. काळभात कोण असेल हे अजून ठरलेलं नाही, पण तो भला माणूस नसावा अशी मला दाट शंका आहे. आणि धाकटी बहीण झिनी.

एक नाव मात्र तिने हट्टाने राखलं. एलाडोर. आता तो भाऊ नाही, समुद्रापलीकडून आलेला खलाशी आहे. त्या जगात त्याच्यासारखं नाव दुसऱ्या कुणाचंच नाही, त्यामुळे तो परका आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. मला हे फार आवडलं. माझ्या डोक्यात आलं नसतं.

काल संध्याकाळी नवी वीस पानं वाचली. आईने एकदाही हात वर केला नाही. मला वाटलं, झोपली असावी.

आज सकाळी मी ऑफिसला निघताना बूट घालत होतो. खुर्चीतून आवाज आला, "झिनी नदीच्या पलीकडे पोचली का रे?"

माहीत नाही म्हटलं. पुढची पानं अजून यायची आहेत.