वारकरी भजन

वारकरी भजन हा महाराष्ट्रातील वारकरी संप्रदायात रूढ असलेला सामूहिक गायनाचा प्रकार होय. टाळ, वीणा व मृदंग यांच्या साथीने संतांचे अभंग बसून, उभ्याने किंवा वाट चालता चालता म्हटले जातात. पंढरपूरची वारी, गावोगावचे अखंड हरिनाम सप्ताह, एकादशीचा जागर आणि मंदिरातील सायंकाळचा हरिपाठ हे या गायनाचे प्रमुख प्रसंग आहेत. या भजनात गाणारे व ऐकणारे असा भेद सहसा राहत नाही. आजोबा, मुलगा व नातू एकाच रांगेत उभे राहून गातात आणि नातवाचे शिक्षण त्याच रांगेत होते.

छंद आणि चाल

अभंगाचा छंद अक्षरसंख्येवर आधारलेला आहे. मोठ्या अभंगाच्या कडव्यात सहा अक्षरांचे तीन चरण व चार अक्षरांचा एक चरण असतो. लहान अभंगात सामान्यतः आठ अक्षरांचे दोन चरण येतात व त्यांच्या अखेरीस यमक साधलेले असते. यामुळे एक चाल आत्मसात झाली की त्याच मापाचे शेकडो अभंग तीत बसविता येतात. एखादे अक्षर कमीअधिक झाले तर स्वर लांबवून किंवा आखडून ते सांभाळून घेतले जाते. निरक्षर शेतकऱ्यालाही शेकडो अभंग मुखोद्गत असत, त्यामागे श्रद्धेइतकाच या रचनेचाही वाटा आहे.

सर्व जण एकाच स्वरात गातात. पाश्चात्त्य वृंदगानाप्रमाणे निरनिराळ्या आवाजांसाठी निरनिराळ्या स्वरपंक्ती येथे नसतात. अग्रेसर गायक ध्रुपद व चरण म्हणतो, इतर टाळकरी ते उचलून धरतात. काही वेळा समोरासमोरच्या दोन रांगा आळीपाळीने म्हणतात. ज्ञानेश्वरांच्या हरिपाठात प्रत्येक अभंगानंतर तेच ध्रुपद पुन्हा येते. ज्याला चरण येत नाही त्याला ध्रुपद येते, आणि ज्याला तेही येत नाही तो नामाच्या गजरात सूर मिसळतो. आरंभी संथ असलेली लय क्रमाने वाढत जाऊन शेवटी गजरापर्यंत पोहोचते. जाणकार गायकाला मध्येच आलाप घेण्यास वाव असतो, मात्र तो किती घ्यावा याचे भान राखणे हा वारकरी गायकीतील शिष्टाचार मानला जातो.

वाद्ये

टाळ ही दोरीने जोडलेली धातूची जड जोडी असते. ती तासन्‌तास वाजविण्यास मनगटाची सवय लागते. मृदंगाच्या डाव्या तोंडाला कणीक लावून खर्ज साधला जातो. वीणा गळ्यात घातलेली असते व तिच्या तारांतून आधारस्वर मिळतो. सप्ताहात वीणा खाली ठेवीत नाहीत. पहाऱ्याप्रमाणे ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि देताघेताना दोघे एकमेकांच्या पाया पडतात. वय, मान, नाते यांचा त्या नमस्कारात विचार नसतो.

दिंडी

आळंदीहून ज्ञानेश्वरांची व देहूहून तुकारामांची पालखी ज्येष्ठ वद्य पक्षात निघते व आषाढी एकादशीपूर्वी पंढरपुरास पोहोचते. पालखीबरोबर चालणाऱ्या भजनी समूहास दिंडी म्हणतात. पुढे पताकाधारी, त्यांच्यामागे टाळकऱ्यांच्या रांगा, मृदंगवादक, विणेकरी आणि नंतर तुळशीवृंदावन घेतलेल्या स्त्रिया, असा तिचा सर्वसाधारण क्रम आहे. ज्ञानेश्वरांच्या पालखीच्या रथापुढे २७ दिंड्या चालतात, मागे चालणाऱ्या दिंड्यांची संख्या याहून बरीच मोठी आहे. या सोहळ्याला शिस्तबद्ध रूप देण्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील हैबतबाबा आरफळकर यांना दिले जाते. कोणत्या प्रसंगी कोणते अभंग म्हणावयाचे याचा क्रम ठरलेला असून त्यास भजनी मालिका म्हणतात. पहाटेचा काकडा, वाटेवरील भजन, सायंकाळचा हरिपाठ व रात्रीचा जागर यांत दिवस विभागला जातो.

तळावरील समाजआरतीची पद्धत विशेष उल्लेखनीय आहे. सर्व दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात. चोपदाराने हातातील चोप उंचावला की टाळमृदंगांचा प्रचंड नाद क्षणात थांबतो. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती मात्र टाळ वाजवीत राहते. चोपदार तेथे जाऊन गाऱ्हाणे ऐकून घेतात, त्याचे निवारण करतात आणि मगच आरती होते.

शिक्षणाची रीत

लहान मुले प्रथम रांगेच्या टोकाला उभी राहतात आणि पुढच्याच्या हाताकडे पाहून टाळ धरतात. पाऊल आधी जमते, टाळ नंतर आणि शब्द सर्वांत शेवटी, असा क्रम बहुधा दिसतो. चुकलेल्या मुलाला थांबवून शिकविण्याची रीत नाही, कारण शेजारच्यांचा आवाज त्याला ओढून नेतो. औपचारिक शिक्षणाची सोयही आहे. जोगमहाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. तेथून तयार झालेल्या कीर्तनकारांनी गावोगावच्या भजनाला वळण दिले. वारकरी कीर्तनात कीर्तनकारामागे टाळकऱ्यांची रांग उभी असते व अभंगाचे ध्रुपद तीच पेलते.

एकत्र गाण्याच्या मर्यादा

चोखामेळा, जनाबाई, गोरा कुंभार, सावता माळी अशा विविध जातींतील संतांचे अभंग एकाच भजनात म्हटले जात असले, तरी म्हणणारे नेहमीच एकत्र नव्हते. इरावती कर्वे यांनी ‘परिपूर्ती’ या पुस्तकातील ‘वाटचाल’ या लेखात वारीचा अनुभव सांगताना दिंड्यांमधील जातिभेदाबद्दलचा विषाद नोंदविला आहे. चोखोबांचे अभंग गाणाऱ्या पंढरपुरात विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले. या विसंगतीचा निर्देश केल्याशिवाय वारकरी समूहगानाचे वर्णन अपुरे राहते. स्त्रियांचा सहभाग वारीत मोठा असूनही टाळकऱ्यांच्या मुख्य रांगा दीर्घकाळ पुरुषांच्याच राहिल्या. शहरांत व गावांत स्त्रियांची स्वतंत्र भजनी मंडळे आहेत. त्यांत पेटी व तबला यांची साथ अधिक आढळते.

सद्यःस्थिती

शिक्षण व नोकरीनिमित्त तरुण गाव सोडून गेल्याने अनेक ठिकाणी नित्य हरिपाठाला वृद्ध मंडळीच उरतात, सप्ताहाच्या दिवसांत मात्र परगावची मुले परततात. ध्वनिक्षेपकाचा परिणाम दुहेरी आहे. आवाज दूरवर पोहोचतो, परंतु एक-दोघांच्या हाती ध्वनिग्राहक आला की बाकीच्यांचे गाणे ऐकूच येत नाही आणि ध्रुपद धरणारे हळूहळू श्रोते बनतात. लोकप्रिय गीतांच्या चालींवर अभंग बसविण्याबाबत संप्रदायात मतभेद आहेत. नवी चाल तरुणांना जवळची वाटते, मात्र ती वडीलधाऱ्यांना ठाऊक नसल्यास रांगेतील अर्धे लोक गप्प होतात.

कोविड-१९च्या साथीमुळे २०२० व २०२१ साली पायी वारी झाली नाही. संतांच्या पादुका मोजक्या वारकऱ्यांसह एसटी बसने पंढरपुरास नेण्यात आल्या. २०२२ साली पायी सोहळा पुन्हा सुरू झाला.